मागे बघणारी होडी

आमच्या शाळेतल्या बाई जुनी मासिकं मला वाचायला देतात. मी वाचते कमी, चित्रंच बघते. एक चित्रकार सगळं धुक्यात बुडवतो. त्याची माणसं आत्ता विरघळतील असं वाटतं, आणि मला पान उलटायची घाई होते. दुसरा खाली नुसतं ‘वा. शं.’ लिहितो. त्याची रेघ दोरखंडासारखी जाड, बायकांचे पाय हे एवढे, आणि बुबुळं कायम डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, जशी काही मागून कोणी हाक मारलीय. आता सही झाकली तरी मी त्याला ओळखते.

तेव्हापासून हात शिवशिवतोय. पाटी पुरत नाही, वाळू पुरत नाही. नारळी पुनवेआधी बा होडी रंगवायला बसला, तशी मी हट्टच धरला: होडीच्या तोंडावरचे डोळे मी काढणार.

“वाकडंतिकडं काढशील गो,” बा म्हणाला.

“मग काढेन. हल्ली तसंच काढतात.”

काढले. दोन्ही बाजूंना, थेट वा. शं.सारखे. सारखी लांब जाऊन बघत होते.

पुनवेला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी भरतीला होडी लोटायची, तर होडी हाकणारा आमचा तांडेल सदाकाका गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि हलेना.

“अंबाजी, ही कुठं बघते रं?”

बा वाकून डोळ्यांकडे बघायला लागला.

“गावाकडं बघते ही. डोळं दर्याकडं पायजेत. मागं बघनारी होडी मी न्हेनार न्हाय. हिला घरात चूल मांडून दे.”

सगळे हसले, बा सोडून. खलाशी उतरायला लागले. ओहोटी लागली की होडी वाळूतच रुतणार. बाने रंगाचा डबा माझ्यापुढे आदळला. “पुस. आन् बिगी कर.”

वरून रंग मारून पुसले. बुबुळ पुढे सरकवलं, तर होडी घाबरलेली दिसायला लागली. वा. शं.ची सगळी चित्रं डोळ्यांपुढे आणली, पण समोर बघणारं माणूस त्यानं कधी काढलंच नव्हतं. पाणी मागे सरत होतं. मग वरची पापणी मी एका दमात खाली ओढली. ठमाआत्या बाजारात भाव पाडणाऱ्याकडे बघते, तशी. दुसऱ्या बाजूलाही तेच.

सदाकाका होडीला वळसा घालून आला. “आता भांडाया निघालीय,” म्हणाला, आणि चढला.

होडी पाण्यात गेली. असा डोळा कुठल्याच मासिकात नव्हता. शेजारच्या गोदूच्या बापाची होडी अजून वाळूवरच होती, बिनडोळ्यांची. मी डबा उचलला आणि तिकडे धावले.