माउंट निबोच्या मागची जागा

ओझेला ग्रिम्सला लेकीशेजारी पुरून घ्यायचं होतं, एवढंच. डॉक्टरनं पोटातली गाठ दाबून पाहिली आणि वर्षही निघणार नाही असं तोंडावर सांगितलं, तेव्हा ती शिकागोची खोली सोडून मिसिसिपीतल्या आपल्या गावी परतली. तिची विनी मे सात वर्षांची होऊन तापानं गेली, ती माउंट निबो नावाच्या चर्चमागे पुरलेली होती. पण तिथं फक्त चर्चच्या मंडळीतली, म्हणजे सभासद असलेली माणसं पुरतात, आणि ओझेलाला मंडळीनं कधीच बाहेर काढलं होतं. कशाबद्दल? तर ब्लूज गाते म्हणून, ती प्रेमाबिमाची दुःखी गाणी. सैतानाची गाणी म्हणे. काढणारे निम्मेअधिक शनिवारी तिच्याच गाण्यावर नाचून आलेले, ते सोडा.

परत यायची रीत एकच. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं.

"मोघम नको हं, ओझेला," चर्चचे पाळक टिलमन आधीच म्हणाले. "गाण्याचं नाव घेऊन बोलायचं."

"कुठल्या गाण्याचं?"

"आता मला विचारतेस? ज्याच्या तबकड्या घरोघर वाजल्या, त्याचं."

ते गाणं तिनं विनी मेवर रचलं होतं. आजीजवळ ठेवलेली पोर गेली तेव्हा ही मेम्फिसला तंबूतल्या खेळात गात होती. तार पोचेपर्यंत मूठमाती देऊनही झाली होती. गाण्यात पोरीचं नाव नव्हतं. लोकांना वाटायचं, कुणी यार सोडून गेलाय हिला. तिनंही कधी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी ती उभी राहिली. चार शब्द तर आहेत, बोलून टाक बये, असं तिनं स्वतःला बजावलं आणि बोलली. गाण्याचं नाव घेतलं. ते सैतानाचं होतं, मला त्याची लाज वाटते, म्हणाली. साफ खोटं, आणि तेही देवाच्या घरात.

"आमेन," मंडळी म्हणाली. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे येऊन तिचा हात हातात घेऊ लागला. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी म्हणालं उशिरा का होईना सुचलं.

कोरीनकाकी काठी टेकत आली. ऐंशीची म्हातारी. तिनं हात धरला तो सोडेना.

"माझा रूफस नदीत बुडाला ना, त्या साली मला घास उतरत नव्हता," ती हळूच म्हणाली. "तुझी तीच तबकडी लावायची आणि रडायची. वाटायचं, ही बाईपण पोटचं पोर पुरून आलीय, हिला कळतंय माझं. ते सैतानाचं होतं होय गं?"

ओझेलाचा जीव तुटला. सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण पाळक शेजारीच उभे होते, कान देऊन.

"हो, काकी."

कोरीनकाकीनं हात सोडला.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "घरी गेल्यावर ती तबकडी फोडून टाकते."

मागे अजून माणसं थांबली होती. ओझेलानं पुढच्याला हात दिला.