घड्याळाची भूक

पौषातल्या कोवळ्या उन्हात, पाणी सोडलेल्या वाफ्यातून पाय उपसताना होणारा चुबुकचुबुक आवाज कानी आला की मला माझा थोरला भाऊ आठवतो. आमच्या गावात, न्हावऱ्यात, कांद्याची लागवड सुरू झाली की दादा दिवस उगवतानाच चिखलात उतरे; पाठ वाकलेली, दंडाच्या शिरा तटतटलेल्या, अंगावर चिमटीत धरावं एवढंही मांस नाही. दुपारी बांधावर चार भाकऱ्या, ठेचा आणि तांब्याभर ताक तो सहज रिचवायचा आणि सूर्य कलेपर्यंत ते सारं घामावाटे मातीला देऊन मोकळा व्हायचा. त्याच्या भुकेचा मला खरोखर हेवा वाटे.

पुढे कुरकुंभच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. दौंडला एकट्याची खोली. लग्न जुळायचं राहूनच गेलं. गार, बंद दालनात पडद्यावरच्या आकड्यांवर नजर ठेवत आठ तास खुर्चीत बसायचं, आणि पाळी बदलेल तसं कधी सकाळी, कधी मध्यरात्री कॅन्टीनच्या ताटावर बसायचं. कष्ट सुटले, जेवणाचा हात मात्र तोच राहिला. वर्षागणिक पोट सुटत गेलं, दंड मऊ पडले. गाव कौतुकानं म्हणे, दादा सुखावला. तोही हसून घेई. उठताना तो चौकटीचा आधार घेतो, हे मला दिसत होतं. मग कारखान्याच्या तपासणीत रक्तात साखर निघाली.

आमच्याकडे लागवड सावडीनं होते. आज माझ्या रानात, उद्या शेजाऱ्याच्या. ज्यानं वाफ्यात हात घातला, तो दुपारी बांधावरच्या पंगतीला बसतो. दरसाल सुट्टी टाकून दादा सावडीला यायचाच. दोन वर्षांपूर्वीही आला. पण वाकला की पोट आड येई, धाप लागे. एक वाफा कसाबसा लावून तो पंगतीत टेकला, आणि मी, त्याच्या काळजीनं, सगळ्यांदेखत बोलून गेलो, "दादा, तू घरी जा. तुजं बिनतेलाचं ताट येगळं वाढून ठिवलंय."

वाफ्यात हात न घातलेल्या परक्याला उठवावं तसं मी त्याला उठवलं होतं. त्यानं पाटात हात धुतले आणि जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "जेवायला कोन येतंय रं. तिकडं भूकच लागत न्हाई. येळ झाली म्हून खातो. हितं तुमच्यात बसलं की वाईच लागती."

त्यानंतर तो सावडीला आला नाही. फोनवर ड्यूटीचं कारण सांगतो. मीही ते खरं मानतो, कारण खोटं मानलं तर माफी मागावी लागेल आणि तेवढं धैर्य माझ्यात नाही.

यंदाची लागवड कालच आटोपली. दुपारी ऊन डोक्यावर आलं, पोटात आग पडली, आम्ही बांधावर बसलो. माझी भूक उन्हानं लागते, त्याची घड्याळानं; एका आईच्या हातचं खाल्लेल्या दोघांच्या जेवणाच्या वेळा आता कधीच एक होत नाहीत.