रुमालाखालचा अल्फा

रविवारी घानातल्या टेकिमानच्या बाजारामागच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या सुटातले प्रेषित डोम्फे व्यासपीठावर उभे, आणि समोर नर्सिंगचं ऑनलाइन शिक्षण घेणाऱ्या पोरी फोन उंचावून ओरडत होत्या, "ओसोफो, माझा आधी!"

ओसोफो, म्हणजे आमचे हे धर्मगुरू, फोन घेत, त्यावर तेलाचा थेंब टाकत, तो रुमालाने झाकत आणि डोळे मिटून गर्जत, "अल्फा! अल्फा! अंधारातल्या अक्षरांनो, उजेडात या!" रुमाल उचलला की धड्याची मुंगीएवढी राखाडी अक्षरं टपोरी, काळीभोर झालेली! मंडप टाळ्यांनी दणाणून जाई. पुढचा धडा उघडला की मात्र पुन्हा मुंग्या. "तेल सुकलं," ओसोफो सांगत, "पुढच्या रविवारी या."

इथवर मला हसूच येत होतं. मी स्वतः अशाच एका शिकवणीच्या संकेतस्थळासाठी धड्यांची पानं मांडते. अक्षर केवढं, ओळ केवढी, मोकळी जागा किती, हेच माझं काम. पण त्या दिवशी माझी शेजारीण बोआतेमा, तीही नर्सिंगच शिकणारी, फोन घेऊन पुढे गेली आणि ओसोफोंनी भर मंडपात सांगितलं, "तुझे डोळे घरातल्या म्हातारीने खाल्लेत. ती घरात आहे तोवर तू नापासच होणार."

घरातली म्हातारी म्हणजे तिची सासू, एनो कोनादू. दुपारपर्यंत तिचं बोचकं अंगणात येऊन पडलं. सकाळच्या ट्रोट्रो गाडीने तिला गावी धाडायचं ठरलं. माझं हसू पळालं. चेटकीण ठरून गावी आलेल्या बाईला कोणी दारात उभं करत नाही.

"रडू नका, एनो," मी म्हणाले.

"रडतंय कोण?" ती फणकारली. "मला सांग अब्रफी, तो रुमालाखाली अंगठा का हलवतो? मी पुढच्याच बाकावर होते. माझे डोळे अजून शाबूत आहेत. सुनेचे खाल्ले म्हणूनच असतील!"

अंगठा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बोआतेमाचा धडा कागदावर छापून आणला.

संध्याकाळच्या प्रार्थनेला एनो तरातरा व्यासपीठावर चढली. "ओसोफो, सुनेचा धडा आणलाय. करा मोठा."

"हा तर कागद आहे!"

"अक्षरं तीच आहेत की. घाला तेल, म्हणा अल्फा."

ओसोफोंनी तेल घातलं, अल्फा म्हटलं, घसा बसेपर्यंत म्हटलं. कागद तळलेली केळी बांधण्याजोगा झाला, अक्षर तसूभर वाढलं नाही.

"पवित्र तेल... विजेवरच चालतं!" ओसोफो घाम पुसत म्हणाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी बोआतेमाला तिचाच फोन उघडायला लावला. "हे ब्राउझरच्या कोपऱ्यातलं, पान वाचायला सोपं करणारं बटण बघ. मोठा ए, छोटा ए. हाच यांचा अल्फा. दाब."

तिने दाबलं. लुकलुकत्या जाहिराती गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली ओळ आखूड झाली, अक्षर टपोरं झालं. "बटण पान फक्त स्वच्छ करतं," मी म्हणाले. "धडा बदलला की पान बदलतं, म्हणून पुन्हा दाबायचं. तेलबिल काही सुकत नाही." मग मंडपभर पोरी बटण दाबून "अल्फा! अल्फा!" ओरडू लागल्या. ओसोफो रुमाल विसरूनच मागच्या वाटेने सटकले.

"मग माझे डोळे खाल्ले कुणी?" बोआतेमाने पडलेल्या आवाजात विचारलं.

"ज्याने असलं पान मांडलं त्याने," एनो म्हणाली. "त्याच्या सासूला धरा आता!"

बायांनो, बाप्यांनो, मी हात जोडून सांगते: पान वाचता येत नसेल तर आधी पानाकडे बघा. ते कुणी मांडलं, असं का मांडलं, विचारा. रुमाल कुणाचाही असो, उचलून बघा. घरातल्या म्हातारीला मात्र सोडा.

बोचकं पुन्हा आत नेताना बोआतेमाला हुंदका आवरेना.

"पुरे झालं," मागून एनो म्हणाली. "रडलीस तर पुन्हा अक्षरं दिसायची नाहीत, आणि नाव माझंच यायचं. बस, धडा वाच."