चौदा महिने

औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. खोकल्याचं नवं औषध बाटलीतल्या बाटलीत किती वेगानं खराब होतं, हे मोजणं तिचं काम. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कपाटातून बाटल्या काढायच्या, किती औषध शाबूत आहे ते तपासायचं, आकडा आलेखावर मांडायचा. दहा महिने हेच चाललेलं. मान कायमची धरलेली.

आकडे स्पष्ट होते. दर महिन्याला उरलेल्या औषधाचा पाऊण टक्का खराब होत होता. या वेगानं चौदा महिन्यांत दहा टक्के जाणार, आणि त्यापुढे ते विकायला परवानगी नव्हती. मालकांना बाटलीवर दोन वर्षांची मुदत हवी होती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. निवृत्तीला तीन महिने उरलेला, पाय सुजतात म्हणून टेबलाखाली चपला काढून बसणारा माणूस. शेवटचे तीन आकडे सोडून दे, बाटल्यांची बुचं सैल असतील, असं ते आलेखाकडे न बघताच म्हणाले. ती वाद घालत बसली नाही. अंगात त्राणच नव्हतं. तिनं राखीव बाटल्या काढल्या, एकेक बूच तपासलं आणि तीनदा नव्यानं मोजणी केली. त्यात दोन दिवस गेले. सासूबाईंना दवाखान्यात न्यायची पाळी तिची होती, तीही जावेच्या गळ्यात पडली. जावेनं फोनवर लगेच हो म्हटलं, तेच तिला जास्त लागलं.

आकडे तसूभर हलले नाहीत.

"बुचं घट्ट होती, साहेब. दोन वर्षांनी बाटलीत जेमतेम साडेत्र्याऐंशी टक्के उरेल."

"मग वर जाऊन मालकांना मी काय सांगू?"

"हे गणित तुम्हीच मला शिकवलंत. माझ्याकडून दुसरं उत्तर निघत नाही."

साहेबांनी आलेख पुढ्यात ओढला. मग चष्मा चढवून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं सगळं स्वतः मांडलं, दोनदा. चौदाच आले. अहवालावर तिच्या सहीखाली सही करून, चपला घालून ते कागद घेऊन जिना चढले.

मुदत चौदा महिन्यांचीच छापली गेली. साहेबांचा निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी तिच्या टेबलाशी येऊन नुसती मान हलवली. ती उठून उभी राहिली. मग ती पुढच्या औषधाच्या बाटल्यांवर तारखा लिहायला बसली.