तळ्यातल्या मासोया

गोजराबाईनं गावच्या तळ्यातल्या मासोईचं पोट पावशीच्या पात्यावर चिरलं आणि तिचा हात थांबला. आतून पांढरी, चपटी, फितीसारखी अळी बाहेर आली. मासोई बोटाएवढी, अळी तिच्याहून लांब, आणि अजून वळवळत होती.

तिनं दुसरी मासोई चिरली. तिच्यातही तेच.

आदल्या संध्याकाळी ती शेतातून आली तेव्हा रुख्मिणीनं याच तळ्यातल्या मासोयांचं कालवण रांधून ठेवलं होतं. रुख्मिणी तिची लेक, पहिल्या बाळंतपणासाठी आसेगावला आलेली. दिवस भरत आले होते. माहेरी आल्यापासून तिला मासोईचीच इच्छा होती, आणि काल ती पोटभर जेवली होती.

गोजराबाईनं मासोया पळसाच्या पानात गुंडाळून पितळी डब्यात घातल्या. वाशीमला चुलत बहीण आजारी आहे, असं लेकीला सांगून ती एस.टी.त बसली. रस्ताभर डबा मांडीवर घट्ट धरून होती. शेजारच्या बाईनं नाक मुरडलं, तेही तिला कळलं नाही.

वाशीमच्या कॉलेजात जगदेव शिकवायचा. तो आसेगावचाच, त्यांच्याच वस्तीतला. नदीनाल्यांतल्या आणि तळ्यांतल्या बारीक मासोयांना कोणते किडे लागतात, याचा तो अभ्यास करतो, एवढं तिला ऐकून माहीत होतं. गावात लोक त्यावर हसत, तीही एकदोनदा हसली होती. आज ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली आणि डबा पुढे केला. काय झालं ते सगळं तिनं सांगितलं.

जगदेवनं अळी बशीत पाण्यात सोडली, भिंग धरून बराच वेळ पाहिली. मग त्यानं तिला स्टुलावर बसवलं.

"काकी, हा किडा मानसाच्या पोटात जगत नाही. याचं घर पानकावळ्याच्या पोटात. पानकावळे तळ्यावर बसतेत, म्हून तळ्यातल्या मासोयीले हा लागते. वाहत्या नदीत म्या अजून पाह्यला नाही, तिथं मासोईच्या कल्ल्यात येगळेच किडे राह्यतेत."

"अन पोटातल्या लेकराले?"

"काही होत नाही. चांगलं शिजवलं होतं ना?"

तिनं होकाराची मान हलवली. मग पदरानं तोंड पुसलं. जगदेवनं शिपायाला चहा सांगितला.

घरी पोचेस्तोवर दिवे लागले होते. रुख्मिणी चुलीपुढे बसली होती. ताटातली भाकरी तशीच होती. सकाळीही ती नीट जेवली नव्हती, हे गोजराबाईला आता आठवलं.

"खाऊन काहून नाही राह्यली?"

रुख्मिणीनं चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं.

"माय, काल मासोया साफ करतानी एकीत पांढरा किडा निंघाला. ते फेकली, बाकीच्या रांधल्या. मले लई इच्छा होती. काल रातपासून भेव वाटून राह्यलं, लेकराले काही झालं तं."

गोजराबाई तिच्याजवळ टेकली.

"काही होत नाही. जगदेवले इचारून आली मी."

रुख्मिणीनं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"म्हंजे तुले माहीत होतं? म्या म्हटलं, तुले सांगतलं तं तू भेशील."

 गोजराबाईनं ताट लेकीपुढे सरकवलं, आणि एक भाकरी आपल्यासाठीही घेतली.