तिसरी वाळवी

केराबाईसमोर वारुळाबद्दल वेडंवाकडं बोलायची वळसंगात कुणाची छाती नव्हती. वारूळ म्हणजे तिचा देव. त्यामुळे एकतीस सालच्या उन्हाळ्यात घरातल्या मेढीवर, धाबं पेलणाऱ्या लाकडी खांबावर, मातीची बारीक रेघ चढली, तेव्हा तिनं झाडणी नाही, हळदीकुंकू आणलं. "देव आपल्या पायानं घरात आला," म्हणाली. भाव तिथं देव खरा, पण असा मेढीवर चढणारा देव मी तरी दुसरीकडं पाहिला नाही.

सून मायाक्का मात्र धास्तावली. मेढीवर तुळई, तुळईवर धाब्याच्या सपाट छपराची हातभर माती, आणि त्या तुळईलाच तिच्या तान्ह्या सिद्धनाथाची झोळी. नवरा मेंढरं घेऊन भीमेकडं गेलेला. मायाक्काचं बालपण मेंढरांमागं कुरणात गेलं होतं. वाळवी तिनं जवळून पाहिली होती.

"आत्या, ही वारुळाची न्हवं," ती म्हणाली. "वारुळाची शेणापाचोळ्यावर मातीचा जाड थर चढवती आन् आत बसून खाती. दुसरी काळ्या डोक्याची. ती गवताच्या काड्या तोडून बिळात नेती, लाकडाकडं बघत बी न्हाय. ही तिसरी. वरची साल तेवढी ठेवती, आतलं समदं खाती."

"वाळवीची बी जात काढतीस व्हय?" केराबाई खवळली. "लई शानी हायस की!"

मायाक्कानं तुळईवर काठी ठोकली. आवाज रिकाम्या घागरीसारखा आला. तेव्हापासून ती झोळी दारातल्या लिंबाला बांधू लागली. केराबाई धुमसत राहिली. रेघ तुळईवर सरकली. कान दिला की आत करकर ऐकू यायची. सासूला तो देवाचा जप वाटे, सून जेवता जेवता उठून झोळी बघून येई.

एका दुपारी मायाक्का कोकरं चारायला कुरणात गेली. उन्हाचा नुसता जाळ झाला होता. "देवाची सावली सोडून लेकरू झाडाला टांगतीया," असं पुटपुटत केराबाईनं झोळी पुन्हा तुळईला बांधली.

परतताना मायाक्काला लांबूनच लिंबाची फांदी मोकळी दिसली. कोकरं टाकून ती धावत सुटली. ती अंगणात पोचायला आणि धाबं खाली यायला एकच गाठ पडली.

नखं तुटेस्तोवर तिनं माती उपसली. आधी केराबाईची पाठ लागली. तिच्यावर तुळई आडवी पडलेली. म्हातारी झोळीवर पालथी पडून राहिली होती. खालून सिद्धनाथ रडला. मायाक्कानं त्याला ओढून छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला.

"प्वार?" केराबाईनं विचारलं.

"जित्ता हाय, आत्या."

फुटलेल्या तुळईतून पांढरी वाळवी म्हातारीच्या हातावर सांडत होती. म्हातारी त्या वाळवीकडं बघत राहिली.

"खरंच गं," ती म्हणाली, "ही तिसरीच हाय." आणि तिची मान कलली.