दोनशे चाळीसचं सॉकेट

माझी आई मॉरीन लग्न होऊन इंग्लंडमधल्या लीड्सहून इथे अमेरिकेत, ओहायोत आली ती स्वतःची विजेची किटली घेऊन. प्लग आमच्या सॉकेटमध्ये जाईना, म्हणून बाबांनी अडॅप्टर लावला. पण तिकडची वीज दोनशे चाळीस व्होल्टची, आमच्या स्वयंपाकघरातली एकशे वीसची. तिकडे दोन मिनिटांत उकळणाऱ्या पाण्याला इथे आठ-नऊ मिनिटं लागायची.

बाबा इलेक्ट्रिशियन. गॅरेजमध्ये स्वतःच्या वेल्डिंग मशीनसाठी दोनशे चाळीसचं सॉकेट त्यांनी एका दुपारीत बसवलं.

"वेंडेल, मलाही एक बसवून दे ना," आई म्हणायची.

"देतो गं, येत्या शनिवारी."

असे एकतीस वर्षांचे शनिवार गेले.

तिला पुरून आलो त्या दुपारी बाबांनी कोट काढला आणि हत्यारांच्या पेटीतून तिच्या देशाचं सॉकेट काढलं. खोक्यावर धूळ होती. म्हणजे कधीच आणून ठेवलं होतं! गॅरेजमधून वायर ओढून त्यांनी ते ओट्यापाशी बसवलं. दोन मिनिटांत पाणी खळखळलं.

"बघ, कसं झटक्यात उकळलं!"

"आता चहा कोण पिणार, बाबा?" मी फटकन विचारलं. आम्ही दोघंही कॉफीवाले.

बाबांनी पाणी सिंकमध्ये ओतून टाकलं, किटली पुन्हा भरली आणि बटण दाबलं.